डोळ्याची बाहुली, गुडघ्याची वाटी आणि इंग्रजीचा तास

दहावीच्या मुलांना इंग्रजीत सर्वांत कोरडा वाटणारा भाग म्हणजे ‘फिगर्स ऑफ स्पीच’. कवितेची ओळ द्यायची आणि तिच्यातला अलंकार ओळखायचा. ओळीत ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ दिसले की सिमिली, त्या शब्दांशिवाय तुलना असली की मेटाफर, निर्जीव वस्तू माणसासारखी वागू लागली की पर्सोनिफिकेशन. एवढ्या खुणा पाठ केल्या की गुण मिळतात आणि परीक्षा संपली की खुणा विसरल्या जातात.

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, धुळे-सोलापूर महामार्गावर वडीगोद्री आहे. ऊस, कापूस आणि मोसंबीच्या या पट्ट्यातल्या मुलांना हा भाग जड जाणारच, असे गृहीत धरले जाते. घरी इंग्रजी नाही, वातावरण नाही, मग अलंकार कसे समजणार?

याच मुलांच्या घरातले बोलणे जरा ऐकून पाहावे. गुडघेदुखीने हैराण झालेली आजी सांगते, ‘सुया टोचल्यासारखं होतंय’. ही उपमा झाली, म्हणजे सिमिली. शेतातून आलेले वडील म्हणतात, ‘अंगाचा पार भुगा झाला’. ही अतिशयोक्ती, म्हणजे हायपरबोल. ‘डोक्यात हातोडे पडतायत’ हे रूपक. ‘हे दुखणं काही मला सोडत नाही’ म्हटले की दुखण्याला माणूस केले, म्हणजे चेतनगुणोक्ती. छातीत धडधडणे, पोटात गुडगुडणे, घशात घरघरणे हे शब्द तर थेट आवाजावरून आलेले. इंग्रजीत त्यांना ऑनोमॅटोपिया म्हणतात. अवघड आहे ते हे नाव. ते ज्याला दिले आहे ती गोष्ट मुलाच्या तोंडी रोजच असते.

दुखणे दुसऱ्याला दाखवता येत नाही, म्हणून ते कशासारखे आहे हे सांगावे लागते. त्यामुळे आजाराची भाषा अलंकारांनी भरलेली असते आणि डॉक्टरांनाही ती लागते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी रुग्ण वेदनेसाठी वापरतात असे शब्द जमवून 1975 मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात 20 गटांत 78 शब्द आहेत. ठणकणारी, भोसकणारी, जाळणारी, पिळवटणारी, अशा धाटणीचे. हे शब्द निदानाला मदत करतात. जळजळ, विजेचा झटका, मुंग्या असे वर्णन आले की डॉक्टरांचे लक्ष नसांकडे जाते. ‘छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय’ म्हटले की आधी ईसीजी काढला जातो. डोके ‘वीज कोसळल्यासारखे’ एकाएकी आणि असह्य दुखू लागले, तर त्याला वैद्यकशास्त्रात ‘थंडरक्लॅप हेडेक’ असेच नाव आहे. मेंदूभोवती रक्तस्राव झाल्याची ती खूण असू शकते, म्हणून ते दुखणे अंगावर काढायचे नसते.

शरीराच्या नावांतली रूपके

वैद्यकशास्त्राची परिभाषा रुक्ष समजली जाते, पण तिचा उगम पाहिला तर तीही रूपकांनीच भरलेली आहे. डोळ्याच्या काळ्या छिद्राला मराठीत बाहुली म्हणतात. इंग्रजीतला ‘प्युपिल’ हा शब्द लॅटिन ‘प्युपिला’वरून आला. त्याचा अर्थ छोटी मुलगी किंवा बाहुली. समोरच्याच्या डोळ्यात डोकावले की आपलीच चिमुकली प्रतिमा दिसते, त्यावरून हे नाव पडले. गुडघ्याच्या पुढच्या हाडाला आपण वाटी म्हणतो. त्याचे शास्त्रीय नाव ‘पटेला’, लॅटिनमध्ये छोटी थाळी. दंडाचा स्नायू फुगला की मराठी माणसाला त्यात बेडूक दिसला आणि ‘बेडकुळी’ शब्द झाला. रोमन माणसाला तिथे उंदीर दिसला. ‘मसल’ या शब्दाचे मूळ ‘छोटा उंदीर’ असेच आहे.

काही ठिकाणी वाटा वेगळ्या झाल्या. डोळ्याचे भिंग पांढुरके झाले की आपल्याला मोती दिसला, म्हणून मोतीबिंदू. युरोपातल्या जुन्या वैद्यांना वाटले, डोळ्यात वरून काहीतरी द्रव उतरला आहे. म्हणून ‘कॅटरॅक्ट’, म्हणजे धबधबा. आजार तोच आणि शस्त्रक्रियाही तीच, पण चित्रे दोन.

अलंकार म्हणजे वर्णनासाठी निवडलेले चित्र. कोणते चित्र निवडले आणि का, एवढे दोन प्रश्न विचारले तर इंग्रजीतला मेटाफर आणि मराठीतले रूपक यांत समजण्याच्या दृष्टीने फरक उरत नाही. विज्ञानाच्या तासाला ‘पटेला’ आणि इंग्रजीच्या तासाला ‘मेटाफर’ एकाच दिवशी शिकवता येईल.

मेंदू हे कसे करतो?

‘जड अंतःकरणाने निरोप दिला’ हे वाक्य वाचताना कोणी हृदयाचे वजन करत नाही. मेंदू हे क्षणार्धात कसे ठरवतो, याचा शोध आजारी मेंदूंच्या अभ्यासातून सुरू झाला. अमेरिकेत एलन विनर आणि हॉवर्ड गार्डनर यांनी 1977 मध्ये मेंदूला इजा झालेल्या रुग्णांना इंग्रजीतला जवळजवळ हाच वाक्प्रचार, ‘हेवी हार्ट’, ऐकवला आणि चित्रे दाखवली. एका चित्रात रडणारा माणूस होता, दुसऱ्यात भलेमोठे हृदय उचलून चाललेला. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेले रुग्ण वारंवार दुसऱ्या चित्राकडे बोट दाखवत. त्यांतल्या अनेकांना वाक्प्रचाराचा अर्थ शब्दांत बरोबर सांगता येत होता, आणि तरी चित्र निवडताना ते शब्दशः अर्थाकडे जात होते.

यावरून ‘अलंकार उजव्या मेंदूत असतात’ असा समज पसरला. पुढे मेंदूचे काम चालू असताना त्याची प्रतिमा घेणारे एफएमआरआय तंत्र आले आणि चित्र गुंतागुंतीचे निघाले. अलंकारिक भाषा समजताना मेंदूचे दोन्ही भाग कामाला लागतात आणि नेहमीची भाषा हाताळणारा डावा भाग त्यात मोठा वाटा उचलतो. तुलना अनोळखी किंवा अवघड असेल तर मेंदूला जास्त प्रदेश कामाला लावावे लागतात.

अटलांटाच्या एमरी विद्यापीठातील संशोधकांनी 2012 मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. स्वयंसेवकांना ‘दिवस वाईट गेला’ अशा अर्थाची वाक्ये ऐकवली आणि त्याच अर्थाची, पण ‘दिवस खडबडीत गेला’ अशा स्पर्शाच्या शब्दांतलीही ऐकवली. दुसऱ्या प्रकारची वाक्ये ऐकताना, बोटांनी पृष्ठभाग चाचपताना जागा होणारा मेंदूचा भागही जागा झाला. प्रयोगातले लोक थोडे होते, त्यामुळे त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण रूपक समजताना शरीराचा अनुभव मदतीला येतो, या कल्पनेला त्यातून बळ मिळाले.

वाक्प्रचारांकडे पाहिले तरी हे पटते. भीती वाटली की ॲड्रेनलिन वाढते, आतड्यांकडचे रक्त स्नायूंकडे वळते आणि पोटात काहीतरी हलल्यासारखे वाटते. मराठीत ‘पोटात गोळा येतो’, इंग्रजीत पोटात फुलपाखरे उडतात. त्वचेवरच्या केसांच्या मुळाशी बारीक स्नायू असतात. ते आखडले की केस उभे राहतात. आपल्याला तिथे काटा दिसला, इंग्रजांना पिसे उपटलेले बदक, म्हणून ‘गूज बंप्स’. शरीराची प्रतिक्रिया दोन्हीकडे तीच आहे. जवळ असलेल्या वस्तूंतून उपमा निवडली गेली, एवढाच फरक.

प्रत्येक वेळी इतकी जुळणी होत नाही. ‘कोल्ड फीट’ हा शब्दप्रयोग वाचून ‘भीतीने पाय गार पडले’ असे भाषांतर मुले करतील आणि ते शरीरशास्त्राला धरूनही आहे, कारण भीतीने पायांकडचा रक्तपुरवठा कमी होतो. पण इंग्रजीत त्याचा अर्थ ऐनवेळी माघार घेणे. त्याला मराठीत नेमका शब्द आहे, ‘कच खाणे’. उलट बाजूनेही असेच होते. ‘तिचे डोळे आले’ किंवा ‘तिला दिवस गेले’ याचे शब्दशः इंग्रजी केले तर ऐकणाऱ्याला काहीच बोध होणार नाही.

समज वयाबरोबर वाढते

मूल जन्मतः अलंकार जाणत नाही. सॉलोमन ॲश आणि हॅरिएट नर्लोव्ह यांनी 1960 मध्ये लहान मुलांना गोड, कडक, थंड, वाकडा असे शब्द देऊन माणसाला हे लागू पडतात का, असे विचारले. तीन-चार वर्षांच्या मुलांना गोड खाऊ समजत होता, गोड माणूस समजत नव्हता. सात-आठ वर्षांची मुले दोन्ही अर्थ वापरू लागली होती. दोन अर्थांत नाते काय, हे मात्र अकरा-बारा वर्षांच्या सुमाराला नीट सांगता येऊ लागले. ओळखीचा प्रसंग आणि सोपी तुलना असेल तर याहून लहान मुलांनाही रूपक कळते, असे नंतरच्या संशोधनात दिसले. वाक्प्रचारांची समज तर पुढे तरुणपणापर्यंत वाढत राहते.

परक्या भाषेत यात आणखी एक पायरी येते. पोलंडमधील ॲना चेश्लित्स्का यांनी इंग्रजी शिकणाऱ्यांवर केलेला अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वाक्प्रचारांचा अर्थ त्यांना माहीत होता, त्यांतही शब्दशः अर्थ त्यांच्या मनात आधी जागा होत असे. म्हणजे ‘इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ वाचून वडीगोद्रीच्या मुलाच्या डोळ्यांसमोर आधी खरीखुरी मांजरे येत असतील, तर त्याची बुद्धी कमी नाही. दुसरी भाषा शिकणाऱ्या कोणाच्याही मेंदूची ही रीत आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. दहा वर्षे इंग्रजी शिकलेल्या मुलाच्या मनातही शब्दाचा अर्थ वाक्प्रचाराच्या अर्थाआधी येऊ शकतो. त्याला हसण्याऐवजी वेळ द्यायला हवा.

रूपक खरे मानले, तर?

परीक्षेत अलंकार चुकला तर एक गुण जातो. घरात आजारी माणूस असताना रूपक शब्दशः घेतले, तर त्याची किंमत मोठी असते.

अंगावर एका बाजूला पट्ट्यासारखे पुरळ आणि फोड उठतात, प्रचंड आग होते. याला आपण ‘नागीण’ म्हणतो. इंग्रजी नावही तसेच आहे. ‘हर्पिस’ हा शब्द ‘सरपटणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून आला आणि ‘झोस्टर’ म्हणजे कमरपट्टा. लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू नसांच्या मुळाशी दबा धरून राहतो आणि वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती कमी झाल्यावर त्याच नसेच्या वाटेने वर येतो. ‘नागीण’ हे वर्णन म्हणून अगदी चपखल आहे. पण ते वर्णन आहे हे विसरले की नागिणीला तोंड फुटते, शेपूट फुटते आणि ‘दोन्ही टोके जुळली की माणूस जातो’ ही धास्ती सुरू होते. मग मंत्र, लेप, उतारा यांत दिवस जातात. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांत सुरू झाल्या तर त्यांचा उपयोग सर्वाधिक होतो. पुरळ डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा.

दुसरे उदाहरण पक्षाघाताचे. ‘अंगावरून वारं गेलं’ असे गावात म्हणतात. इंग्रजीतला ‘स्ट्रोक’ म्हणजे फटका. दोन्ही शब्द त्या घटनेचा अचानकपणा दाखवतात. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते, हे खरे कारण त्या शब्दांत नाही. वारे हेच कारण मानले की माणसाला पांघरुणात गुंडाळले जाते, तेलाने चोळले जाते, सकाळची वाट पाहिली जाते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे, यांतले एक जरी एकाएकी दिसले तरी 108 ला फोन करावा. लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली, ती वेळ लक्षात ठेवून सांगावी.

अनेक घरांत आजीला दवाखान्यात नेणारा, चिठ्ठी वाचणारा, डॉक्टरांशी बोलणारा माणूस म्हणजे शाळेत जाणारा नातूच असतो. हे वर्णन आहे, कारण नव्हे, हा भेद त्याला कळत असेल, तर वर्गातला अलंकारांचा धडा घरी कामाला येतो.

हा भेद या मातीला नवा नाही. गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठण आहे. तिथल्या संत एकनाथांनी सोळाव्या शतकात विंचवाचे भारूड रचले. त्यातला विंचू म्हणजे काम-क्रोध, हे भारूड ऐकणाऱ्या निरक्षर माणसालाही कळत होते. शेतात लाल विंचू चावला की मात्र उपाय वेगळा, हेही कळायला हवे. याच जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी कोकणात महाड येथे काम करून लाल विंचवाच्या विषाचा हृदयावरील परिणाम आणि त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग 1980 च्या दशकात ‘लॅन्सेट’ नियतकालिकातून जगापुढे मांडला. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एक विंचू गाण्यातला, एक बांधावरचा. शब्द तोच, पण प्रसंगावरून अर्थ ठरवायचा, हेच अलंकार समजण्याचे मूळ कौशल्य आहे.

मूल सतत अडखळत असेल तर

बहुतेक मुलांचा प्रश्न परक्या भाषेचा असतो. काही मुले मात्र मराठीतलेही वाक्प्रचार, थट्टा, टोमणे शब्दशः घेतात. ‘जीभ आवर’ म्हटले की जीभ हाताने धरतात. मोठ्यांना तो उद्धटपणा वाटतो आणि मार बसतो. स्वमग्नता, भाषाविकासातील अडचण किंवा कमी ऐकू येणे ही यामागची कारणे असू शकतात. प्रत्येक स्वमग्न मुलाला रूपक कळत नाही, असेही नाही. इंग्लंडमधील कर्टनी नॉरबरी यांच्या 2005 च्या अभ्यासात, रूपक कळणे हे निदानाच्या नावापेक्षा मुलाच्या शब्दार्थांच्या समजेवर अधिक अवलंबून असल्याचे दिसले. म्हणजे शब्दसंपत्ती वाढवण्यावर मेहनत घेतली तर फायदा होतो.

अशा मुलाची प्रथम श्रवणचाचणी व्हावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. आरोग्य पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते. शिक्षकांनी त्या दिवशी अशा मुलाची नोंद पथकाकडे आवर्जून करावी. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता या दोन्हींचा समावेश 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे.

मोठ्या माणसाच्या बाबतीत खूण उलटी असते. आयुष्यभर थट्टामस्करी करणाऱ्या माणसाला एकाएकी विनोद कळेनासा झाला, बोलण्यातला रोख समजेनासा झाला, तर ‘स्वभाव बदलला’ म्हणून सोडून देऊ नये. मेंदूच्या उजव्या भागाला झटका आला तर बोलणे शाबूत राहते, पण बोलण्यातले हे पदर हरवू शकतात.

वर्गात आणि घरात

बेल्जियमचे भाषाशिक्षणतज्ज्ञ फ्रँक बुअर्स यांच्या संशोधनात असे आढळले की, वाक्प्रचार सुटे पाठ करण्याऐवजी ते ज्या मूळ चित्रातून आले त्यानुसार गटाने शिकवले, तर जास्त लक्षात राहतात. त्यासाठी खर्च काहीच नाही. पुढील गोष्टी कोणत्याही शाळेत करता येतील:

• अलंकाराचे नाव शेवटी विचारावे. आधी विचारावे, कशाची तुलना कशाशी केली आणि दोन्हींत सारखे काय आहे?

• प्रत्येक इंग्रजी वाक्प्रचाराला घरातला मराठी जोडीदार शोधायला सांगावा. शब्दशः भाषांतर चालणार नाही, अर्थ जुळला पाहिजे.

• मुलांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून दुखण्याची वर्णने गोळा करून वहीत लिहावीत आणि वर्गात त्यांचे गट पाडावेत.

• विज्ञानाच्या पुस्तकातल्या अवयवांच्या नावांचे मूळ अर्थ शोधावेत. आतल्या कानातला ‘कॉक्लिया’ म्हणजे गोगलगाय, हे एकदा आकृती पाहून कळले की नावही विसरत नाही आणि आकारही.

• शेवटी एक प्रश्न नेहमी ठेवावा. हे चित्र कुठपर्यंत खरे आहे आणि कुठे संपते?

हा शेवटचा प्रश्न उत्तरपत्रिकेत येत नाही. पण नागीण पाहून तोंड-शेपूट मोजण्याऐवजी फोड कधी उठले हे विचारणारा आणि वारं गेलं म्हटल्यावर घड्याळाकडे पाहणारा मुलगा किंवा मुलगी घरात असणे, हा त्या सवयीचा सर्वांत मोठा उपयोग आहे.